हवेचा घण, माणसाचा हात

लोहाराच्या भट्टीपाशी दोन साधने शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक भाता आणि दुसरा घण. वारा घालून विस्तव फुलविणे हे भात्याचे काम, तर तापलेल्या लोखंडावर घाव घालणे हे घणाचे काम. हजारो वर्षे ही वाटणी ठरलेली होती. हवेने आग पेटती ठेवावी आणि माणसाच्या दंडाने आघात करावा. आघातही हवेनेच करावा, ही कल्पना फार उशिरा रुजली. पण एकदा रुजल्यावर ती मोठमोठ्या बोगद्यांपासून गल्लीतील वेल्डिंगच्या दुकानापर्यंत पोहोचली. हवेच्या दाबाने वस्तू चेपणारे वा ठेचणारे साधे यंत्र लहानशा कार्यशाळेत कसे बांधता येते, आणि ते बांधताना कोणती गोष्ट सर्वांआधी ध्यानात घ्यावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उदाहरणादाखल रायपूर शहर व त्याचा परिसर घेतला आहे, आणि तो सहेतुक घेतला आहे.

छत्तीसगडच्या वायव्येस मैकलच्या डोंगररांगा आहेत. तेथील अगरिया जमातीचे लोक पिढ्यान् पिढ्या दगडातून लोखंड गाळीत असत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लोकांची व त्यांच्या लोहासुर देवतेची सविस्तर हकीकत आलेली आहे. अगरियांचा भाता हाताने ओढावयाचा नसे, तो पायांनी तुडवावयाचा असे. कातडे ताणून बसविलेल्या दोन भात्यांवर उभे राहून एकदा उजवा व एकदा डावा पाय दाबला जाई. दाबलेले कातडे पुन्हा वर खेचण्याचे काम मागे वाकवून ठेवलेला बांबू करी. माणसाचे वजन, हवा आणि बांबूची स्प्रिंग यांचा हा संयोग पुढच्या काळातील वायुयंत्राचे बीजच म्हणावा लागेल. यंत्रातील दट्ट्या पुढे जातो तो हवेने, आणि अनेकदा मागे येतो तो स्प्रिंगने.

याच प्रदेशात ठेचण्याचेही एक जुने यंत्र घरोघर होते. ते म्हणजे ढेंकी. एक जड लाकडी दांडा मध्यावर टेकू देऊन बसविलेला असतो. त्याच्या एका टोकाला मुसळ असते, दुसऱ्या टोकावर पाय देऊन एक बाई तो दांडा उचलते आणि सोडते. मुसळ खालच्या उखळात आदळते व भात कांडला जातो. मुसळ वर गेले असताना दुसरी बाई उखळात हात घालून भात खालीवर करते आणि मुसळ येण्याआधी हात काढून घेते. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावे, असे हे काम. तरीही ते वर्षानुवर्षे निभावते, कारण पाय देणारीची नजर दुसरीच्या हातावर खिळलेली असते. दोघींच्या बोलण्याची, गाण्याची, श्वासाची एक लय जुळलेली असते. हात उखळात अडकलेला दिसला, तर पाय उचललाच जात नाही. म्हणजे ढेंकीला डोळा असतो आणि तो पाय देणाऱ्या बाईचा असतो.

हवेवर चालणाऱ्या यंत्राला असा डोळा नसतो. झडप उघडली की हवा आत शिरते आणि दट्ट्या पुढे सरकतो. समोर पत्र्याचा डबा आहे की माणसाचा हात, हे त्याला कळत नाही. तो डोळा यंत्र बांधणाऱ्याने यंत्राच्या जोडणीतच घालावयाचा असतो. या व्याख्यानाचा सारा भर या एका मुद्द्यावर आहे.

प्रथम अशा यंत्राची गरज कोठे पडते, ते पाहू. रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरांवर भिलाई आहे. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या दशकांत रायपूरच्या आसपास लोखंडाच्या लहानमोठ्या उद्योगांची दाट वस्ती झाली. उरला व सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आज स्पंज आयर्न, विजेच्या भट्ट्या व रोलिंग मिल यांसाठी ओळखली जातात. भट्टी आली की भंगार आले, आणि भंगार आले की ते गोळा करणारा, निवडणारा व चेपणारा माणूस आला.

या भंगारात एक वस्तू हमखास आढळते : खाद्यतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा. उपाहारगृहे, मिठाईची दुकाने आणि फरसाणाचे कारखाने यांतून तो रोज बाहेर पडतो. सुमारे साडेतेवीस सेंटिमीटर रुंद, तितकाच जाड व ३५ सेंटिमीटर उंच असा हा डबा जवळजवळ १९ लिटर जागा अडवितो. त्यातील पत्रा मात्र किलोभराच्या आसपास भरतो. डबे तसेच गाडीत भरले, तर गाडीभाडे मुख्यतः पोकळीचेच द्यावे लागते. तोच डबा चेपून सपाट केला, तर जागा कितीतरी कमी लागते. म्हणून छिन्नीने तळ व झाकण कापावयाचे, डबा जमिनीवर आडवा टाकावयाचा आणि घणाने ठोकावयाचा, ही रीत पडली. दिवसभर घण घालणाऱ्याचा खांदा व पाठ संध्याकाळी बोलू लागतात. हे काम हवेकडे सोपवावे, असे एखाद्या कारागिराच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

हवेत बळ असते, हे माणसाला सप्रयोग दाखवून दिले ते जर्मनीतील मॅग्डेबुर्ग शहराच्या ऑटो फोन गेरिके याने. तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांस जुळवून त्याने आतील हवा काढून घेतली. मग दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते अर्धगोल सुटेनात. सतराव्या शतकाच्या मध्यावरील ही गोष्ट. १६६२ साली रॉबर्ट बॉइल याने हवेचा दाब व आकारमान यांचा संबंध नियमात मांडला : तापमान तेच राहिले, तर हवा निम्म्या जागेत कोंबल्यावर तिचा दाब दुप्पट होतो. तरीही दाबलेली हवा मोठ्या कामावर लागावयास आणखी दोन शतके जावी लागली.

फ्रान्स व इटली यांमधील आल्प्स पर्वतातून रेल्वेचा बोगदा खोदण्याचे काम १८५७ साली सुरू झाले. बारा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या बोगद्यात वाफेचे इंजिन नेणे शक्य नव्हते. धुराने माणसे गुदमरली असती. अभियंता जेर्मां सोमेइये याने बोगद्याबाहेर पाण्याच्या बळावर हवा दाबली, ती नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर खडक फोडणारी यंत्रे चालविली. यंत्रातून सुटणारी हवा कामगारांना श्वासासही उपयोगी पडली. बोगदा १८७१ च्या सप्टेंबरात वाहतुकीस खुला झाला. सोमेइये मात्र त्याच वर्षी जुलै महिन्यात निवर्तला होता. त्यानंतर वायुयंत्रे खाणींत, जहाजबांधणीत आणि ओतशाळांत सर्वत्र पसरली. महाराष्ट्रात पुण्याजवळ हडपसर येथील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली स्थापन झाली आणि हवा दाबणारे कॉम्प्रेसर देशात बनू लागले. आज टायरमध्ये हवा भरणाऱ्या कोणत्याही दुकानात छोटा कॉम्प्रेसर असतो. म्हणजे शक्ती हाताशी आहे. प्रश्न उरतो तो तिला कामाला लावण्याचा.

येथे थोडे गणित करावे लागेल, पण ते शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. दट्ट्यावर पडणारे बळ म्हणजे हवेचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. सिलिंडरचा आतील व्यास १०० मिलिमीटर असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो धरला, तर दट्ट्या सुमारे ४७० किलो बळाने पुढे रेटला जातो. व्यास १५० मिलिमीटर केला, तर तेच बळ १,०६० किलोंवर जाते. व्यास दीडपट केल्यास बळ सव्वादोनपट होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मात्र सिलिंडर मोठा घेण्यापूर्वी डब्याकडे नीट पाहावे. चौकोनी डबा उभा ठेवून दाबला, तर त्याच्या चार भिंती चार खांबांसारखा विरोध करतात. तळ व झाकण कापून तोच डबा कोपऱ्यावर धरला, म्हणजे दाब एका कडेवरून तिच्या समोरच्या कडेकडे जाईल असा ठेवला, तर चारही कडा बिजागऱ्यांसारख्या वागतात आणि डबा पतंगाच्या आकारात येत येत मिटतो. मग ४७० किलो बळ पुरेसे होते. कारागिराची बुद्धी ती हीच : जेथे बळ वाढवावयाचे, तेथे आधी वस्तूची दुमड ओळखावी.

कोपऱ्यावर ठेवलेल्या डब्याचा कर्ण ३३ सेंटिमीटर भरतो. म्हणून दट्ट्याची धाव किमान ३० सेंटिमीटर हवी. दर खेपेस दट्ट्याच्या मागे सुमारे २.४ लिटर जागा भरावी लागते. ६ किलो दाबाची ती हवा मोकळ्या हवेच्या हिशेबाने सोळा-सतरा लिटर होते. परतीची खेप धरून एका डब्यास ३२ लिटर हवा लागते. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटास दीडशे लिटरांच्या आसपास हवा देत असेल, तर मिनिटाला चार ते पाच डबे चेपले जातील. यापेक्षा अधिक वेगाची अपेक्षा धरणे म्हणजे कॉम्प्रेसरला दमास लावणे होय.

आता यंत्राचा सांगाडा. पुष्कळांची अशी समजूत असते की बळ फक्त पुढे जाते. वस्तुतः दट्ट्या डब्याला जितके पुढे रेटतो, तितकाच सिलिंडर आपल्या पाठीमागच्या आधाराला मागे रेटतो. सांगाडा दोहोंमध्ये ताणला जातो. म्हणून दोन लोखंडी चॅनेल समांतर ठेवून त्यांच्या एका टोकाला जाड पाट वेल्डिंगने पक्का करावा, दुसऱ्या टोकाला सिलिंडर नटबोल्टांनी बसवावा, आणि हा सर्व ताण चॅनेलांनी पेलावा, अशी रचना करतात. दट्ट्याच्या दांडीला जो दाबपाट जोडावयाचा, तो दोन्ही बाजूंच्या मार्गदांड्यांवर सरकता ठेवावा. नाहीतर डबा एका अंगाने आधी दबतो, दाबपाट तिरपा होतो आणि सिलिंडरची दांडी वाकते.

यंत्र उभे असावे की आडवे, याचे उत्तरही सुरक्षिततेतूनच येते. उभ्या यंत्रात हवा अचानक गेली, तर दाबपाट स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. आडव्या यंत्रात तो जेथे असेल तेथेच राहतो. शिवाय आडव्या यंत्रात मिटलेला डबा खालच्या फटीतून आपोआप पडू देता येतो. मिटताना डबा उंचीने सुमारे १४ सेंटिमीटर वाढतो, तेवढी मोकळी जागा वर ठेवावयास हवी.

येथे सर्वांत मोठा मोह उभा राहतो. डबा कोपऱ्यावर ठेवला की तो घरंगळतो. मग कामगार काय करतो? एका हाताने डबा धरतो आणि दुसऱ्या हाताने झडप दाबतो. ढेंकीच्या उखळात घातलेला तोच हात. फरक इतकाच की आता पलीकडे कोणी बाई उभी नाही. यावर कामगाराला सावध राहावयास सांगणे हा उपाय नव्हे. डबा टेकविण्यासाठी स्थिर पाटात एक उथळ खाच ठेवावी, खाली दोन वाकड्या पट्ट्यांचा पाळणा द्यावा, आणि डबा हाताविना आपल्या जागी उभा राहील असे करावे. ज्या यंत्रात काम धरून ठेवण्यासाठी हात लागतो, ते यंत्र अजून पुरते बांधून झालेले नसते.

हवेचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. तेलावर चालणाऱ्या दाबयंत्रात तेल फारसे दबत नाही. म्हणून समोरचा विरोध संपला की दट्ट्या जवळजवळ तेथेच थांबतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी असते. डब्याची भिंत तग धरून असते तोवर मागे हवा साचत राहते. भिंत एकदम मोडली की साचलेली हवा प्रसरण पावते आणि दाबपाट झेप घेतो. ही झेप आवरण्यासाठी दट्ट्याच्या पुढच्या बाजूने बाहेर जाणाऱ्या हवेची वाट अरुंद करतात. आत येणारी हवा अडविण्यापेक्षा बाहेर जाणारी अडविणे अधिक चांगले. कारण मग दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस हवेची गादी राहते आणि तो सावकाश, एकसारखा चालतो.

यानंतर हात. आघातयंत्रांच्या जगात एक साधी युक्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली आहे : यंत्र चालू करण्यास दोन्ही हात लागावेत. दोन बटणे अशा अंतरावर बसवावयाची की एका हाताच्या पंजाने, किंवा एकाच हाताचा पंजा व कोपर मिळूनही, ती दोन्ही दाबता येऊ नयेत. दोन्ही दाबलेली असतील तोवरच दट्ट्या पुढे जाईल. एक जरी सुटले, तरी तो मागे फिरेल. दोन्ही हात बटणांवर असताना तिसरा हात दाबपाटासमोर असू शकत नाही, इतके साधे हे तर्कशास्त्र आहे.

पण कामाची घाई या तर्कशास्त्राला फसविते. एका बटणावर चिंधी बांधली वा लाकडाची पाचर ठोकली की एकाच हाताने काम भागते, आणि दुसरा हात डबा सरकवावयास मोकळा होतो. लहान कारखान्यांतील अनेक अपघातांची वाट येथूनच जाते. म्हणून नुसत्या दोन झडपा एकामागे एक जोडून भागत नाही. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच हवा सोडणारी, आणि दोन्ही सुटल्याखेरीज दुसरी खेप न देणारी झडप बाजारात मिळते; ती घ्यावी. ती महाग वाटते खरी, पण तिच्याविना बाकीचे सारे यंत्र फुकट मिळाले, तरी महागच पडते.

बटणे किती दूर असावीत, यालाही माप आहे. माणसाचा हात सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने पुढे जातो, असे सुरक्षा-मानकांत धरतात. बटण सोडल्यापासून दट्ट्या थांबावयास ०.३ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात हात ४८ सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणून बटणे दाबपाटापासून निदान तेवढी दूर हवीत. उरलेल्या तिन्ही बाजू व वरचा भाग जाळीच्या पिंजऱ्याने झाकावा, कारण बटणांमुळे यंत्र चालविणाऱ्याचे हात राखले जातात. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाचे वा कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या मुलाचे राखले जात नाहीत.

येथे रायपूरमधील दुसऱ्या एका कारखान्याची आठवण उपयोगी पडेल. तेथे रेल्वेच्या मालडब्यांची दुरुस्ती करणारा मोठा कारखाना आहे. दुरुस्त झालेल्या डब्याचे हवेचे ब्रेक तपासल्याखेरीज तो बाहेर सोडला जात नाही. या ब्रेकचा इतिहास अतिशय उद्बोधक आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ साली हवेचा पहिला ब्रेक केला. त्यात ब्रेक लावावयाचा झाला की इंजिनातून नळात हवा सोडावी लागे. परंतु गाडी मध्येच तुटली किंवा नळ फुटला, तर हवा निघून जाई आणि ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक निकड, नेमका त्याच क्षणी ब्रेक निकामी होई. १८७२ साली वेस्टिंगहाउसने सारी रचना उलटी केली. नळात हवा सदैव भरलेली ठेवावयाची आणि तिचा दाब उतरला की प्रत्येक डब्याखालील टाकीतील हवेने ब्रेक लागावयाचा. आता नळ फुटला, तर गाडी आपोआप थांबते. भारतातील मालगाड्यांच्या ब्रेकनळात आज दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवतात. तो उतरणे हीच थांबण्याची खूण असते.

चेपणाऱ्या यंत्राला हाच न्याय लावावा. मुख्य झडप अशी असावी की ती बटणांच्या हवेने उघडेल आणि स्प्रिंगने परत फिरेल. बटणाची नळी निसटली, उंदराने कुरतडली वा उन्हाने तडकली, तर झडप आपोआप परतीच्या बाजूस जाईल व दाबपाट मागे येईल. यंत्र बिघडणार नाही, अशी ग्वाही कोणीही देऊ शकत नाही. ते बिघडेल तेव्हा कोणत्या बाजूला बिघडेल, एवढे मात्र बांधणारा ठरवू शकतो.

हातानंतर दुसरा धोका टाकीचा. तो शांत असतो, म्हणून अधिक फसवा असतो. दोनशे लिटरच्या टाकीत ७ किलो दाबाची हवा भरली, तर ती टाकी फुटताना सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होऊ शकते. एक टन वजन १८ मीटर, म्हणजे पाच-सहा मजले उंच उचलावयास जेवढी शक्ती लागेल, तेवढी ही आहे. अशा टाकीऐवजी प्लॅस्टिकचे जाड नळ जोडून हवा साठविण्याचा प्रयोग काही हौशी मंडळी करतात. तो कदापि करू नये. तो नळ पाण्यासाठी असतो. हवेखाली तो फुटला की त्याचे काचेसारखे तुकडे चौफेर उडतात.

जुनी टाकी वापरावयाची झाल्यास तिची परीक्षा हवेने न घेता पाण्याने घ्यावी. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा. पाणी जवळजवळ दबत नसल्याने त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. टाकी फाटली तर पाणी गळते आणि दाब तत्काळ उतरतो. तीच टाकी हवेने तपासली, तर परीक्षेतच अपघात होतो. सुरक्षा-झडप व दाबमापक यांविना टाकी जोडू नये, आणि सुरक्षा-झडप शिट्टी देते म्हणून तिचा स्क्रू आवळून ठेवू नये.

रायपूरच्या हवामानाचाही येथे संबंध येतो. पावसाळ्यातील दमट हवा दाबून थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. सतत चालणाऱ्या दोन अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत अशा दिवसांत एक लिटरहून अधिक पाणी साचू शकते. ते तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. बाहेरचा रंग कोरा करकरीत असतो आणि तळाचा पत्रा कागदाइतका पातळ झालेला असतो. म्हणून संध्याकाळी काम संपले की तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकणे हा नेम करावा. देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने.

रायपूर हे ट्रकवाहतुकीचेही मोठे ठाणे असल्याने भंगारात ट्रकचे ब्रेक-चेंबर मिळतात. काही कारागीर सिलिंडरऐवजी ते वापरतात. ३० चौरस इंच क्षेत्रफळाचा चेंबर ६ किलो दाबाने १,१०० किलोंहून अधिक बळ देतो. त्याची धाव मात्र जेमतेम अडीच इंच असते, तेव्हा तरफ जोडावी लागते. येथे एकच इशारा पुरे : ज्या चेंबरमध्ये उभ्या गाडीचा ब्रेक धरून ठेवणारी स्प्रिंग असते, तो कधीही खोलू नये. त्या स्प्रिंगमध्ये हजार किलोंच्या घरातील बळ दबून बसलेले असते, आणि पट्टा सुटताच चेंबरचे झाकण तोफगोळ्यासारखे उडते. तसेच यंत्र बांधून झाल्यावर त्यात काय घालू नये, हेही पाटावर ठळक रंगवून ठेवावे : बंद डबे, फवाऱ्याचे डबे, रंगाचे व रसायनांचे डबे आणि विजेच्या बॅटऱ्या.

या सर्व खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. कायदा आहे ना? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची सक्ती केली होती. पण वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले, तरच तिला सर्वसाधारणपणे कारखाना म्हणत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. बाप, मुलगा आणि एक मदतनीस मिळून चालविलेले दुकान या आकड्यांच्या बाहेरच राहते. तेथे निरीक्षक येत नाही. तेथे यंत्र बांधणारा हाच निरीक्षक असतो.

आणि अपघात झाल्यावर कायदा काय देतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात अवयवांची एक यादी होती. अंगठा गेल्यास कमावण्याची शक्ती ३० टक्के घटली, असे धरावयाचे. अख्खी तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के. न्यायालयाला कोठेतरी आकडा ठरवावाच लागतो, म्हणून ती यादी होती. परंतु ज्या फिटरचा अंगठा गेला, त्याच्या हातात पाना पूर्वीसारखा कधीच बसत नाही, आणि ज्या तर्जनीने तो पत्र्याची धार चाचपून पाहत असे, तिचे मोल कोणत्याही टक्केवारीत मावत नाही. दोन बटणांची झडप घेण्यापूर्वी तिच्या किमतीशी ताडून पाहावयाचा हिशेब तो हा.

१८३९ साली जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने वाफेच्या घणाची कल्पना मांडली. तो घण प्रचंड लोखंडी तुळया घडवीत असे. पण पाहुण्यांना त्याचे सामर्थ्य दाखवावयाचे झाले, की काचेच्या पेल्यात अंडे ठेवीत आणि घण असा हळुवार आणीत की अंड्याचे कवच फुटावे व पेल्याला तडाही जाऊ नये. पुढच्याच घावाने सारी इमारत हादरे. आघातयंत्राची खरी परीक्षा ही अशी आहे. त्याने किती मोठा घाव घातला, यावर ती ठरत नाही. घाव नको असेल तेथे ते थांबते की नाही, यावर ठरते. रायपूरच्या एखाद्या शेडमध्ये भंगारातील चॅनेल, जुना सिलिंडर आणि टायरवाल्याकडील कॉम्प्रेसर जुळवून कोणी असे यंत्र उभे करील, तेव्हा पहिल्या दिवशी किती डबे चेपले याची मोजदाद सगळेच करतील. बांधणाऱ्याने मात्र आणखी एक मोजदाद ठेवावी : वर्षाच्या अखेरीस त्या यंत्रापाशी काम करणाऱ्या प्रत्येकाची दहाही बोटे जागच्या जागी आहेत ना.